लांबच्या गावचे मेडिकल

कराडच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातून आम्ही बाहेर पडलो त्याला आता तीस वर्षे होत आली. त्या वर्गाचा जो व्हॉट्सॲप गट आहे त्यात एरवी वाढदिवस, गणपतीची आरास आणि मुलांचे दहावी-बारावीचे निकाल यापलीकडे फारसे काही घडत नाही. गेल्या उन्हाळ्यात मात्र आमच्यातल्या एकाने तिथे एक निराळी बातमी लिहिली. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्याच्या मुलाला तीव्र नैराश्यामुळे रुग्णालयात ठेवावे लागले होते आणि हे त्याने आडपडदा न ठेवता स्वतःच कळवले होते. पहिल्या दिवशी सगळ्यांनी धीर दिला आणि दुसऱ्या दिवशी वाद सुरू झाला. एका बाजूचे म्हणणे असे की, हे सारे फ्लॅटमधल्या एकट्या राहणीचे फळ आहे. माणसे तुटली, देवधर्म सुटला, मग मन आजारी पडणार नाही तर काय होईल? ‘आमच्या वाड्यात तेवीस माणसे होती, कुणाला डिप्रेशन आल्याचे ऐकिवात नाही,’ हे त्यातले सर्वाधिक अंगठे मिळवलेले वाक्य. दुसऱ्या बाजूने साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांचे नाव निघाले, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा निघाला, आणि माणसाला आजारी पाडतात ते धर्म आणि भाऊबंदकीच, असे ठासून सांगण्यात आले. शेवटी कुणीतरी मला मध्ये ओढले. तू अमेरिकेत असतेस, तिथे तर सगळेच एकटे, तूच सांग.

अडचण अशी आहे की माझी अमेरिका त्यांना वाटते तशी नाही. मी पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात एका लहान गावातल्या औषधाच्या दुकानात गेली अठरा वर्षे काम करते. आमच्या दुकानाच्या मागच्या बाजूला गाड्या लावायची जागा आहे आणि तिच्या कडेला घोडे बांधायचा आडवा दांडा आहे. राखाडी टपाच्या घोडागाडीतून उतरणारी, गळ्यापर्यंत गुंड्या किंवा टाचण्या लावलेले एकरंगी कपडे घालणारी, आपसांत जर्मन वळणाची बोली बोलणारी आणि आम्हां बाकीच्या सगळ्यांना, अगदी मलासुद्धा, ‘इंग्लिश’ म्हणणारी आमिश माणसे हे माझे रोजचे गिऱ्हाईक आहे. माझ्या वर्गमित्रांना जो वाडा आठवतो त्याहून कितीतरी घट्ट विणीचे असे हे जग आहे, आणि नैराश्याची औषधे मी या जगातही दर महिन्याला मोजून देते.

त्यातल्या एका आजींविषयी सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. त्या आमच्या गावच्या नाहीत. पंचवीस मैलांवरून भाड्याची व्हॅन करून येतात, आणि त्या वाटेवर औषधांची दोन दुकाने लागतात. लग्न झालेल्या मुलीसाठी त्या लिथियम हे मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचे औषध नेतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी रोख पैसे मोजून ठेवले, दुकानाचे नाव नसलेली पिशवी मागितली आणि मग हळूच विचारले, ‘हिने शेतात काम केलेले चालेल ना?’ हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. लिथियम हेही एक प्रकारचे मीठच आहे. उन्हात राबून घामावाटे शरीरातले नेहमीचे मीठ आणि पाणी कमी झाले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवू लागतात, आणि औषधाची रक्तातली पातळी चढत जाते. हात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, चालताना तोल जातो. आमच्याकडे उन्हाळाभर चाऱ्याच्या कापण्या चालतात आणि ऑगस्टमध्ये तंबाखू कापतात. त्या दिवसांत भरपूर पाणी प्यायचे, जेवणातले मीठ एकाएकी कमी करायचे नाही, कंबर दुखली म्हणून आयबुप्रोफेन घ्यायचे नाही आणि रक्ताची तपासणी चुकवायची नाही, असे मी त्यांना एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. कागद घडी करून त्यांनी बॉनेटच्या आत ठेवला. मला आमच्या आजीचा कनवटीला खोचलेला रुपया आठवला.

हे लोक इतके जवळजवळ का राहतात, हे त्यांच्या इतिहासाशिवाय समजत नाही. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमधल्या एका घरात काही तरुणांनी एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. तान्ह्या मुलाला दिलेला बाप्तिस्मा खरा नव्हे, समजत्या वयात माणसाने स्वतःच्या तोंडाने होकार दिला पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पण त्यामुळे चर्च आणि नगरपरिषद दोन्ही त्यांच्यावर उलटली. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला जानेवारी १५२७ मध्ये लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. ‘पुन्हा बाप्तिस्मा घेणारे’ अशा अर्थाचे ॲनाबाप्टिस्ट हे नाव विरोधकांनी ठेवले आणि ते चिकटले. पुढे मेनो सायमन्स या डच धर्मगुरूच्या अनुयायांना मेनोनाइट म्हणू लागले. १५३६ मध्ये इन्सब्रुक येथे जाळून मारलेल्या याकोब हटरच्या मागे गेलेले, सारी मालमत्ता सामाईक ठेवणारे लोक ते हटराइट. आणि १६९३ मध्ये याकोब अम्मानबरोबर जे वेगळे झाले ते आमिश. ही शेवटची फूट मुख्यतः ज्या मुद्द्यावर पडली तो कोणत्याही मराठी माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. बहिष्कृत केलेल्या माणसाबरोबर एका पंगतीला बसायचे की नाही, हा तो मुद्दा होता.

आज उत्तर अमेरिकेत आमिशांची संख्या चार लाखांच्या आसपास आहे आणि त्यांतले चाळीस हजारांहून अधिक लोक आमच्या लँकेस्टर वस्तीत राहतात. वीस ते चाळीस कुटुंबांची एक मंडळी असते. तिला चर्चची इमारत नसते. एक रविवार सोडून कुणाच्या तरी घरी किंवा कोठारात प्रार्थना होते आणि नंतर सगळे तिथेच जेवतात. कसे कपडे घालायचे, कोणती यंत्रे वापरायची, फोन कुठे ठेवायचा, याचे बहुधा न लिहिलेले नियम असतात; त्यांना ते ओर्डनुंग म्हणतात. त्या सगळ्याच्या मुळाशी गेलासेनहाइट ही कल्पना आहे. आपली इच्छा देवाच्या आणि मंडळीच्या स्वाधीन करणे, स्वतःला पुढे न करणे, असा तिचा अर्थ आहे. कोठार जळाले तर शेकडो माणसे जमून अल्पावधीत नवे उभारतात. १९६५ च्या कायद्याने स्वतःचा धंदा करणाऱ्या आमिशांना सरकारी निवृत्तिवेतन आणि वृद्धांच्या आरोग्यविम्यातून सूट मिळाली, ती आमची माणसे आम्ही सांभाळू या त्यांच्या आग्रहामुळे. रुग्णालयाचे मोठे बिल आले तर मंडळी वर्गणी काढते, लिलाव भरवते. म्हाताऱ्यांसाठी घराला लागून छोटे घर असते. कुणाला वृद्धाश्रमात पाठवत नाहीत. आमच्या गटातल्या पहिल्या बाजूने जे जे हरवले म्हणून दुःख केले, ते ते सारे इथे आहे.

इतक्या घट्ट गोतावळ्यात मन आजारी पडत नसेल, असे इतरांनाही वाटले होते. १९५० च्या सुमारास समाजशास्त्रज्ञ जोसेफ ईटन आणि मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट वाइल यांनी हटराइटांच्या वसाहतींची पाहणी केली. ज्यांना खाण्याची, राहण्याची, म्हातारपणाची, बेकारीची काळजी नाही असे हे लोक वेडापासून मुक्त आहेत अशी त्या काळी ख्याती होती. ८,५४२ माणसांच्या त्या समाजात, आजारी असलेली किंवा कधीकाळी आजारी पडून बरी झालेली अशी १९९ माणसे त्यांना आढळली, म्हणजे दर ४३ जणांमागे एक. त्यांतल्या ५३ जणांचा आजार गंभीर होता, आणि त्या ५३ पैकी तब्बल ३९ जणांना खिन्नता आणि उन्माद यांचा आजार होता. बाहेरच्या जगातल्या रुग्णालयांत ज्या छिन्नमनस्कतेच्या, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या, रुग्णांची गर्दी असायची, तिचे रुग्ण इथे अवघे नऊ होते. ही माणसे कुणाच्या अंगावर धावून जात नव्हती, दुसऱ्याला दोष देत नव्हती. सगळा दोष ती स्वतःकडे घेत होती. समाजाने आजार टाळला नव्हता, त्याचे तोंड आतल्या बाजूला वळवले होते.

हटराइटांचा या अवस्थेसाठी स्वतःचा शब्द आहे, आनफेख्टुंग. सैतानाने घेतलेली कसोटी, मोहाचा हल्ला असे काहीसे त्याचे भाषांतर होईल. तो शब्द ल्यूथरनेही आपल्या तळमळीसाठी वापरला होता. ज्याला आनफेख्टुंग होते त्याला वाटते की आपण फार मोठे पाप केले आहे, देवाने आपल्याकडे पाठ फिरवली आहे, आता क्षमा नाही. आपल्याकडचा सुशिक्षित माणूस हे ऐकताच म्हणेल की पाहा, धर्माने आजाराला सैतानाचे नाव दिले. पण पाहणीत जे दिसले ते इतके सरळ नव्हते. सैतान कसोटी घेतो ती चांगल्या माणसांचीच, अशी तिथे समजूत असल्याने त्या माणसाची छी-थू होत नसे. त्याला कुणी एकटे सोडत नसे. काम झेपेल तेवढे देत, वडीलधारा उपदेशक येऊन बसत असे, आणि माणूस बरा झाला की मागचे कुणी उकरून काढत नसे. शब्द सैतानाचा होता, वागणूक मात्र एखाद्या चांगल्या रुग्णालयाला लाजवील अशी होती. मला हे वाचून आमच्या वाड्यातली काकू आठवली. तेवीस माणसांचा वाडा आमचाही होता. थोरल्या काकू एका बाळंतपणानंतर कित्येक महिने माजघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसून असत. कुणी न्हाऊ घातले तर न्हायच्या, भरवले तर खायच्या. त्यांना गाणगापूरला नेऊन आणले होते. घरात त्याला ‘बाहेरचे काहीतरी’ म्हणत, आणि आम्हां मुलांना तिकडे फिरकू देत नसत. वाड्यात कुणाला डिप्रेशन आल्याचे ऐकिवात नाही हे खरेच आहे, कारण तो शब्दच वाड्यात आला नव्हता.

आमच्या लँकेस्टरमध्ये १९७६ पासून जॅनिस एगलँड या संशोधिकेने आमिशांमधील मनःस्थितीच्या आजारांचा दीर्घ अभ्यास केला. दारू आणि नशा जवळजवळ नाही, कुटुंबे मोठी, वंशावळी शेकडो वर्षांच्या आणि नीट जपलेल्या, त्यामुळे संशोधकाला याहून चांगली जागा मिळणे कठीण. या अभ्यासातले मला सर्वांत आवडणारे भाग आकड्यांचे नाहीत. आमिश माणसाला उन्माद झाला हे ओळखायचे कसे? बाहेरच्या जगातला उन्मादी माणूस कर्जे काढतो, विमानाची तिकिटे घेतो. इथला माणूस घोडा बेफाम पळवतो, जनावरांशी आडदांडपणे वागतो, सार्वजनिक फोनवर सारखा बोलत राहतो, सुगीच्या ऐन दिवसांत सहलीचे बेत आखतो. हे ठाऊक नसल्यामुळे आधीच्या रुग्णालयांनी त्यांतल्या बहुतेकांच्या माथी छिन्नमनस्कतेचा शिक्का मारला होता. पुढे १९८५ मध्ये या अभ्यासातून आणखी एक गोष्ट प्रसिद्ध झाली. १८८० ते १९८० या शंभर वर्षांत या समाजात आत्महत्येच्या २६ घटना नोंदल्या गेल्या होत्या. त्यांतल्या २४ जणांना मनःस्थितीचा गंभीर आजार होता, आणि बहुतेक जण चारच घराण्यांतले होते. तेवढाच आजार असलेली दुसरी घराणी होती, पण त्यांत एकही आत्महत्या नव्हती. आमिशांना हे सांगायला शास्त्रज्ञ लागले नाहीत. ‘सिस इम ब्लूट’, म्हणजे ते रक्तातच आहे, असे त्यांची जुनी माणसे आधीपासून म्हणत होती. १९८७ मध्ये अकराव्या गुणसूत्रावर या आजाराची खूण सापडल्याचे जाहीर झाले, आणि दोनच वर्षांत फेरतपासणीत तो दावा ढासळला. रक्तात आहे हे खरे, पण नेमके कुठे, ते इतक्या सहजी हाती लागणारे नव्हते.

‘रक्तात आहे’ या शब्दांचा एक फायदा मी काउंटरवर पाहिला आहे. ज्या घरात हे वाक्य बोलले जाते तिथे औषध घेणे सोपे जाते. जिथे ते बोलले जात नाही तिथे आजार पापाच्या भाषेत बोलू लागतो, आणि ती भाषा फार पटकन खरी वाटते. त्या आजींनी एकदा, व्हॅनचा चालक कॉफी आणायला गेला असताना, मला सांगितले की मुलीला बरे नसते तेव्हा ती म्हणते, माझी प्रार्थना छपराला लागून परत येते. नैराश्यात कशाचीच गोडी लागत नाही हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. ज्याचे सारे आयुष्य प्रार्थनेभोवती आहे त्याची गोडी सर्वांत आधी तिथेच जाते. मग त्याला वाटते की श्रद्धा गेली. श्रद्धा गेली म्हणजे पाप झाले. पाप झाले म्हणजे ते कबूल केले पाहिजे. वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या विधीआधी, मंडळीत सगळ्यांचे एकमत आणि समेट आहे का हे पाहिले जाते. कुणाच्या मनात किल्मिष असेल तर विधी लांबणीवर पडू शकतो. त्या दिवसांत त्यांची मुलगी, न केलेल्या चुका कबूल करायला उठते. मंडळीसमोर गुडघे टेकून चूक कबूल केली की क्षमा होते आणि विषय संपतो, ही या समाजाची मोठी सोय आहे. पण ज्याचा अपराधभाव मेंदूतल्या आजाराने निर्माण केला आहे, त्याला हजार वेळा क्षमा केली तरी तो रिकाम्या हातीच परत जातो. त्यांच्या वयस्क उपदेशकाला हे कळले, असे आजी म्हणाल्या. त्यांनी मुलीला निरोप पाठवला की या वर्षी तू फक्त गोळी चुकवू नकोस, बाकीचे आम्ही पाहतो.

सगळीकडे असे उपदेशक नसतात, आणि इथे गावाकडच्या वादातल्या दुसऱ्या बाजूचे ऐकावे लागते. बाप्तिस्मा घेतल्यावर जो नियम मोडतो आणि पश्चात्ताप करत नाही त्याच्याशी मायडुंग पाळतात, म्हणजे त्याला वाळीत टाकतात. त्याला वेगळ्या टेबलावर जेवायला बसवतात, त्याच्या हातून वस्तू घेत नाहीत. १९४७ मध्ये ओहायोतल्या वूस्टर इथे एका शेतकऱ्याने आपल्या मंडळीच्या प्रमुखांवर दावा लावला. आजारी लहान मुलीला डॉक्टरकडे नेता यावे म्हणून त्याने मोटार घेतली होती आणि मंडळी सोडली होती. त्यावरून त्याला वाळीत टाकले गेले. ज्यूरीने त्याला ५,००० डॉलर देवविले. अमेरिकेत असे निकाल विरळा, कारण धर्ममंडळीने कुणाला आत ठेवावे यात न्यायालये सहसा हात घालत नाहीत. आपल्याकडे मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला, सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा समाजाच्या खटल्यात १९६२ मध्ये तो रद्द ठरवला, आणि महाराष्ट्राला जातपंचायती आणि रायगडातली गावकी यांच्यासाठी २०१६ मध्ये नवा कायदा करावा लागला. दोन्हीकडची तुलना मी सरसकट करणार नाही. जात जन्माने चिकटते. आमिश तरुण मात्र वयाच्या विशीत विचार करून बाप्तिस्मा घेतो, आणि तो न घेताच निघून गेला तर त्याला वाळीत टाकत नाहीत. पण ज्याला आधीच वाटते आहे की देवाने आपल्याला पंगतीतून उठवले, त्याच्यापुढे वेगळे टेबल मांडले जाते तेव्हा त्याला त्यात शिस्त दिसत नाही, शेवटचा निकाल दिसतो.

आणि घट्ट समाज जेव्हा दुःखाचे नाव ठरवण्याचा हक्क पूर्णपणे आपल्या हाती ठेवतो तेव्हा काय होते, याचे मी पाहिलेले सर्वांत भयंकर उदाहरण बोलिव्हियातल्या मानिटोबा नावाच्या मेनोनाइट वसाहतीचे आहे. २००५ ते २००९ या काळात तिथल्या शंभराहून अधिक स्त्रिया आणि मुली सकाळी बधिर, जखमी अवस्थेत जाग्या होत होत्या. जनावरांना गुंगी आणण्याचे औषध फवारून वस्तीतलेच पुरुष त्यांच्यावर बलात्कार करत होते, असे पुढे उघड झाले आणि २०११ मध्ये न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली. पण उघड होईपर्यंत त्या बायकांना ऐकवले गेले की हे भुतांचे काम आहे, किंवा बायकांच्या डोक्यातले खूळ आहे. हा प्रसंग मी ॲनाबाप्टिस्टांचे प्रातिनिधिक चित्र म्हणून सांगत नाही, तसे करणे अन्याय्य होईल. ‘बाहेरचे काहीतरी’ हे शब्द किती ओझे उचलू शकतात आणि कुणाच्या सोयीसाठी, एवढेच मला त्यातून दिसते.

आमच्या इथली २००६ ची घटना अगदी निराळी, तरी मला ती पूर्ण उलगडत नाही. २ ऑक्टोबरला निकेल माइन्स इथल्या एका खोलीच्या आमिश शाळेत शिरून एका माणसाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच जणी गेल्या. मारेकऱ्याने स्वतःलाही संपवले, आणि त्याच्या दफनाला आमिश लोक हजर राहिले, त्याच्या बायकोला त्यांनी जवळ केले. साऱ्या जगाने त्या क्षमेचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. परंतु ज्या समाजात क्षमा हे कर्तव्य असते, तिथे ज्या आईला सकाळी उठून पुन्हा राग येतो तिने तो कुठे ठेवायचा? इथल्या लोकांशी बोलताना मला वाटत आले आहे की क्षमा ते एकदाच करत नाहीत, रोज करतात, आणि ज्यांना ती जमते त्यांच्यातले काही जण समुपदेशकाकडेही जातात. त्या दोहोंत त्यांना विरोध दिसत नाही. मला दिसायचा, आता कमी दिसतो.

समुपदेशन आणि औषधे इथपर्यंत आली त्याचा इतिहास आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती धरायला नकार देणाऱ्या सुमारे १२,००० अमेरिकन तरुणांना पर्यायी नागरी सेवेत धाडले गेले. त्यांत मेनोनाइट सर्वांत जास्त होते. सुमारे ३,००० जणांची नेमणूक सरकारी मनोरुग्णालयांत झाली. फिलाडेल्फियाच्या बायबेरी रुग्णालयात त्यांनी जे पाहिले, नागडी माणसे, मारझोड, उकिरड्यासारख्या कोठड्या, ते त्यांनी लिहून ठेवले, आणि मे १९४६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने ते देशापुढे मांडले. युद्ध संपल्यावर मेनोनाइट घरी गेले आणि त्यांनी स्वतःची मनोरुग्णालये काढली. मेरीलँडमध्ये १९४९ साली ब्रुक लेन, आमच्या जवळ १९५२ साली फिलहेवन, कॅन्ससमध्ये १९५४ साली प्रेअरी व्ह्यू. फिलहेवनच्या आवारात पुढे आमिश आणि तशाच साध्या राहणीच्या मेनोनाइटांसाठी ‘ग्रीन पाश्चर्स’ हे निवासी घर झाले. स्तोत्रसंहितेतल्या हिरव्या कुरणांवरून ते नाव आहे. त्यांच्याच समाजातले एखादे जोडपे घरच्या मोठ्या माणसांसारखे तिथे राहते, टीव्ही नाही, जेवण आणि प्रार्थना ओळखीच्या पद्धतीची, आणि उपचार मात्र मनोविकारतज्ज्ञांचे. कुणाला धर्म सोडावा लागत नाही, कुणाला गोळी सोडावी लागत नाही.

‘तुला ठाण्याला पाठवायला हवे’ किंवा ‘हा येरवड्याचा पाहुणा’ असे आपण ज्या हसण्यावारी बोलतो, त्या आपल्या भाषेत मनोरुग्णालय ही शिवी आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार गावांच्या नावांना चिकटलेला तो वास फार जुना आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता ताणाखालचा माणूस मानायला सांगितले तरी तो वास गेलेला नाही. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्याच्या आवारात मनोविकारतज्ज्ञ बसतात आणि मुजावर स्वतः रुग्णाला त्यांच्याकडे पाठवतात. दवा आणि दुआ एकत्र, असा तो प्रयोग आहे. आपल्या वादात मी हा प्रयोग सांगितला तेव्हा दोन्ही बाजू नाराज झाल्या. एकीला त्यात श्रद्धेचा अपमान दिसला आणि दुसरीला अंधश्रद्धेशी तडजोड. मला वाटते, इथे दोघेही आपला मुद्दा वाचवत होते, माणूस नव्हे. ज्या आईचा विश्वास गुरवावर आहे तिच्या मुलाला दवाखान्यात आणायचे असेल तर गुरवाने ‘हा आजार आहे’ म्हणणे हे दहा भिंतीपत्रकांपेक्षा जास्त कामाचे आहे. आणि त्याने तसे म्हटले नाही, उलट औषध बंद करायला लावले, तर २०१३ चा कायदा त्याच्यावर लावलाच पाहिजे. दाभोलकरांनी ज्यासाठी जीव गमावला ते कागदावर ठेवण्यासाठी नव्हते.

एक कबुली देते. आजींच्या बिनानावाच्या पिशवीचे मला सुरुवातीला मनातून हसू आले होते, की या एवढ्या घट्ट समाजातही पंचवीस मैल दूर यावे लागते. मग आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या, दिवाळी पहाटेला सूत्रसंचालन करणाऱ्या एका बाईंचा फोन आला. त्या चाळीस मैलांवर राहतात. मुलीची गोळी माझ्याकडून न्यायची आहे, तिथले दुकान सोयीचे नाही, असे त्या म्हणाल्या. सोयीचे का नाही हे त्यांनी सांगितले नाही. त्या दुकानात आमच्या ओळखीची एक मराठी मुलगी कामाला आहे.

मीरा दातारचा प्रयोग सोडला तर गटावर मी यातले काही लिहिले नाही. एवढेच लिहिले की माझ्याकडे अतिशय घट्ट कुटुंबांतली, रोज प्रार्थना करणारी माणसे नैराश्याची औषधे नेतात, त्यांतली बरीच बरी होतात, आणि तू मुलाची गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नकोस. वाद दोन दिवस आणखी चालला. तिसऱ्या दिवशी त्या मित्राने मला एकटीला संदेश पाठवला. मुलाला रुग्णालयातून सोडले आहे, आता काही महिने घरीच ठेवणार, रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर फिरायला नेतो, झोप लागते आहे. खाली औषधाच्या चिठ्ठीचा फोटो होता. आणि त्याच्याखाली एक ओळ: ‘साताऱ्यात तुझ्या ओळखीचे कुणाचे मेडिकल आहे का? कराडात नको.’